घळीतला काळा खडक

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. भिंतीत खिळे ठोकणारे माझे भाऊबंद तुम्ही घरोघरी पाहिले असतील. माझे काम वेगळे. माझे एक टोक चौकोनी आणि दुसरे चोचीसारखे अणकुचीदार आहे, कारण मी खडक फोडतो. आता वय झाले आहे, डोक्याचे टवके उडाले आहेत. पण कुरकुर करावी असे फारसे काही आठवत नाही. आठवतात ती माणसे, आणि मन भरून येते.

मला एका हत्यारांच्या कारखान्यात घडवले. लालबुंद पोलादावर घणाचे घाव बसले, मग तेलात बुचकळले, मग कानस फिरली. तेव्हा तो निव्वळ छळ वाटला होता. आज त्या कारागिरांचे आभार मानतो. त्यांनी जरा अंग चोरले असते, तर मी पहिल्याच कातळावर दुभंगलो असतो.

माझी मालकीण खडकांचे शास्त्र शिकून तेल शोधणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागली होती. तिचे वडील सुतार. पोरीने उन्हातान्हात डोंगर तुडवावेत, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. ते चिडले नाहीत, फक्त बोलेनासे झाले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला तिच्या पिशवीतून काढले, हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, "दांडा लांब आहे. मनगट भरून येईल तुझं."

एवढे बोलून ते मला आपल्या सुतारकामाच्या दुकानात घेऊन गेले. तिची मूठ पुन्हा पुन्हा लाकडावर मिटवून पाहत त्यांनी नवा दांडा तासला, जवसाच्या तेलाने चोळला आणि माझ्यात घट्ट बसवला. त्यांच्या तोंडून 'जा' असा शब्द काही निघाला नाही. तिला मात्र परवानगी मिळाली होती. त्या रात्री ती पोटभर जेवली.

तुम्ही म्हणाल, तेल जमिनीच्या पोटात खोल असते, मग डोंगरावर हातोड्याचे काय काम? मित्रांनो, कपाटात एकावर एक रचलेल्या चादरींची चळत आठवा. चळत न उचकटताही कडेने पाहिले की आत कोणती चादर कुठे आहे ते कळते. खडकांचेही तसेच असते. मैदानाखाली जे थर खोल गाडलेले असतात, त्यांच्याच कडा दूरच्या डोंगरात वर येऊन उघड्या पडतात. त्या वाचल्या की खाली तेल असण्याची आशा आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो.

त्यासाठी तीन खडक लागतात. एकात तेल तयार होते, दुसऱ्याच्या बारीक छिद्रांत ते साठते आणि तिसरा ते वर निसटू देत नाही. आमचे ड्रायव्हरकाका हे ऐकून म्हणाले होते, "म्हणजे चूल, पातेलं आणि झाकण." तेव्हापासून आमच्या तळावर हीच भाषा रूढ झाली.

आमचा तळ ज्या डोंगरात होता, तिथे पातेले होते, म्हणजे वाळूचा खडक. झाकणही होते, चिकणमातीच्या खडकाचे. चूल मात्र कोणाला सापडली नव्हती. मालकिणीचे वरिष्ठ, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, त्यांनी तरुणपणी हा सारा डोंगर पालथा घातला होता आणि तेल तयार करणारा थर इथे नाही, असा अहवाल दिला होता. डोंगराच्या पायथ्याशी तेलासाठी खणलेल्या विहिरीही कोरड्या निघाल्या. कंपनीने ठरवले, हा शेवटचा हंगाम, मग गाशा गुंडाळायचा. खणणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हरकाका, सगळ्यांची पोटे त्या तळावर होती. जेवताना कोणी त्या विषयाला हात घालत नसे.

एका दुपारी मालकीण पायवाटेवर थबकली. वाळूचे टणक थर पायऱ्यांसारखे छाती काढून उभे होते आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये दगडगोट्यांनी भरलेली एक घळ होती. ती स्वतःशीच पुटपुटली की टणक ते उभे राहिले, मग झिजून आत गेले ते काय होते? ती घळीत उतरली. माझ्या चोचीने तिने दगड बाजूला सारले, मग ती उकरू लागली. आधी भुरकट, भुसभुशीत माती लागली. दुसरे कोणी तिथेच थांबले असते. हात खांद्यापर्यंत आत गेला, तेव्हा मी काळ्या खडकावर आपटलो.

तुकडा बाहेर आला. चौकोनी टोकाचा एकच घाव बसला आणि त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटे झाले. चोचीने ओरखडा काढला, तर तपकिरी रेघ उमटली. ताज्या तुकड्याला तेलाचा मंद वास होता. "चूल!" मालकीण ओरडली.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे सर खाली जीपमध्येच होते. निरोप मिळताच ते ड्रायव्हरकाकांच्या खांद्यावर भार टाकत वर आले. त्यांनी मला मागून घेतले. स्वतः एक तुकडा फोडला, नाकाशी धरला.

"मी याच घळीवरून चालत गेलो होतो," ते म्हणाले. "माझा अहवाल चुकला. मीच कळवतो तसं."

मालकीण गडबडली. "सर, तेव्हा घळ बुजलेली असेल."

"आजही बुजलेलीच होती. तू उकरलीस."

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ हातांची पकड बसली, पण निवृत्तीच्या उंबरठ्यावर आपली चूक उचलून घेणारी ती पकड मला अजून जाणवते.

पुढे प्रयोगशाळेचे उत्तर आले. खडक सकस, पण कच्चा. पुरेशी उष्णता न मिळाल्याने त्यात तेल तयार झालेले नाही. मुख्य कचेरीने नकारार्थी मान हलवली. तेव्हा मालकिणीने समजावून सांगितले की डोंगरातला थर कधी फार खोल गेलाच नाही, म्हणून तो कच्चा राहिला. पायथ्याच्या विहिरींखालीही तो कच्चाच असणार. मैदानाच्या मध्यभागी मात्र तोच थर खोल उष्णतेत शिजला असेल. सरांनी आपले सारे वजन तिच्या बाजूने टाकले, आणि एक विहीर मध्यभागी खणायचे ठरले.

विहीर तळाला पोहोचेपर्यंत सर निवृत्त होऊन गेले होते. मी तंबूत पिशवीत पडून होतो, तेव्हा ड्रायव्हरकाका दारात आले. त्यांना धाप लागली होती. त्यांचा चेहरा बघूनच मालकीण उठली. तेलाचा समुद्र काही लागला नव्हता, पण आमचा तळ उठणार नाही, एवढे तेल नक्की होते. तिने सरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केले नाही. काळा थर किती खोलीवर लागला, एवढेच विचारले. तिने सांगितले. "बरोबर," ते म्हणाले. फोन ठेवून तिने बाहीने डोळे पुसले.

नंतर यंत्रे आली. जमिनीत कंपने सोडून ती पोटातली चित्रे काढत. मी एका खणात गंजत पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या यंत्रांना जे दिसते, ते मला कधीच दिसले नसते.

मालकीण पुढे शिकवू लागली, तेव्हा तिने मला रॉकेलने पुसून पुन्हा कमरेला लावले. मुलांना घेऊन आम्ही त्या घळीत गेलो, आणि मी हादरलो. दरसाल येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने एक तुकडा आठवण म्हणून फोडून नेला होता. थराच्या जागी खड्डाच पडला होता. कोट्यवधी वर्षे टिकलेले पान आम्ही हातोड्यांनी थोड्या वर्षांत कुरतडले होते.

एका विद्यार्थिनीने हातोडा उगारला. मालकीण शांतपणे म्हणाली, "थांब. आधी बघ. हात लावून बघ. लागलंच, तर खाली पडलेला तुकडा घे."

मुलीने हातोडा खाली ठेवला आणि तळवा खडकावर टेकवला. मग एकेक करून सगळ्यांनी टेकवला.

मित्रांनो, त्या दिवशी मी एकही घाव घातला नाही. माझे नाव, माझे काम, माझ्या माणसांचे दिवस, सारे मला त्या खडकाने दिले. तुम्ही कधी डोंगरात गेलात आणि असा उघडा थर दिसला, तर त्याला डोळे भरून बघा, आणि तुमचा हातोडा कमरेलाच राहू द्या. आम्हाला तिथे लटकायला आवडते.