ओल्या गोणपाटाखालची लाल वाइन

मी एक जुनी फ्रेंच वाइन आहे. म्हणजे दारूच. दचकलात ना, मित्रांनो? दचका खुशाल. तुमच्या पुस्तकांत जुनी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते. ती सगळी गरीब, गोड बोलणारी मंडळी. मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे. ज्या माणसाकरता तो आला आहे, त्याचं नाव लालमहंमद.

माझं माहेर फ्रान्स देशात, एका टेकडीच्या उतारावर. मळा एकाच घराण्याचा. बाप वेली छाटायचा, मुलगे द्राक्षं खुडायचे, सून लाकडी पिंपाला कान लावून आतली खदखद ऐकायची. द्राक्षं काळीभोर, टपोरी. त्यांना ठेचलं, रसाला पिंपात कोंडलं, अंधारात निजवलं. मग बाटलीत भरून बूच ठोकलं आणि पुन्हा निजवलं. आमच्या जातीला घाई चालत नाही. पडून राहायचं, मुरायचं, तोंड बंद ठेवायचं. लेकीसुनांना सांगतात तसंच. माहेरासाठी तुमच्या आया जात्यावर ओव्या गातात. माझ्यासाठी कोण गाणार? माझी मीच रचली.

माझं गं माहेर, उतरणीच्या मळ्यामंदी
दंव ओघळलं, काळ्या घोसाच्या गळ्यामंदी

तिथून मी जहाजाने मुंबईला आले, आगगाडीने नगरला, आणि पुढे बैलगाडीने भिंगारच्या छावणीत, एका गोऱ्या मेजरसाहेबाच्या बंगल्यावर. नगरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू? चैत्र सरला की इथे दगडसुद्धा धापा टाकतात. आणि आम्हाला तर ऊन म्हणजे मरण. साहेबाने बंगल्याखालच्या तळघरात आम्हा बाटल्यांना आडवं निजवलं आणि खानसाम्याला हुकूम सोडला, "यांच्यावरचं गोणपाट कधी सुकता कामा नये."

तो खानसामा म्हणजे लालमहंमद. उंच, वाकलेला, हाताला कांद्यामसाल्याचा वास. हौदातून घागरी आणायचा आणि आमच्यावरचं गोणपाट भिजवायचा. बाटलीला हात लावताना असा लावायचा की जणू आत कुणी तान्हं निजलंय. नमाजी माणूस. त्याने मला कितीदा पुसलं, कितीदा कुशीवर वळवलं, पण माझा एक थेंब कधी त्याच्या ओठाला लागला नाही.

बंगल्यामागे त्याची पत्र्याची खोली होती. तिथे त्याची बायको हाजराबी आणि मुलगी हसीना. दुपारी तो पत्रा असा तापायचा की भाकरी वर टाकली तर भाजून निघावी. मी तळघरात गारव्याला, आणि मला गार ठेवणाऱ्याचं घर तव्यावर. मित्रांनो, तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. उंची वस्तूंना असलं काही वाटायची सवय नसते.

एका वैशाखात हसीनाला ताप भरला. हाजराबी तळघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अजी, बाटल्यांस्नी दिवसभर न्हाऊ घालता. माझ्या पोरीच्या कपाळावर ठिवायला वाटीभर पानी न्हाई घरात."

"हाजरा, साहेबाची चीज हाय. बिघडली तर नौकरी जाईल."

"आन् पोरगी बिघडली तर?"

लालमहंमदने घागर खाली ठेवली. गेला, पोरीला खांद्यावर घेऊन आला आणि माझ्या शेजारी गार फरशीवर निजवलं. तिचा ऊन श्वास माझ्या काचेला लागत होता. थोड्या वेळाने ती शांत झोपली. तेवढ्यात साहेब उतरला. पोरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिची गरमी माझ्या वाइनला लागेल. बाहेर काढ हिला."

माझ्या नावावर त्या लेकराला पुन्हा उन्हात नेलं. ती जगली. हाजराबीच्या जिद्दीने जगली. माझ्या पोटात राग आला तो त्या दिवशी. मुरत राहिला.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं आणि गोरे जायला निघाले. साहेब लालमहंमदला म्हणाला होता, "काळजी करू नको. ही खोली तुझीच. नव्या साहेबाला सांगून जातो." लालमहंमदने शब्द खरा मानला. भिंतींना चुना लावला. हाजराबीने पत्र्यावर दुधीचा वेल चढवला, निदान थोडी सावली पडावी म्हणून. त्यांना दुसरं छप्पर नव्हतं, मित्रांनो. गाव नव्हतं, जमीन नव्हती. होती ती ही खोली.

निघायच्या दिवशी मोटार भरून उभी होती. लालमहंमद साहेबाची टोपी धरून उभा. साहेबाने टोपी घेतली आणि त्याच्या रिकाम्या हातात मला ठेवलं. पेटीतली शेवटची मीच उरले होते.

"माझ्याकडची सगळ्यांत उंची बाटली! तुझ्या इमानदारीचं बक्षीस."

"साहेब, आन् खोलीचं?"

"अरे हो. ते राहिलंच."

मोटार धूळ उडवत गेली.

बागेतला बन्सी माळी खुरपं टाकून हसायला लागला. "खानसामा, लई मेहरबानी झाली की गड्या! नमाजी मानसाला दारू! मला न्हाई भेटला साहेब, न्हाईतर बोकड दिला असता. मी माळकरी हाय ना!"

लालमहंमद हसला नाही. प्यायचं तर पाप, विकायचं तर पाप, आणि फेकायला हात होईना. हाजराबीने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून त्याने मला दुधीच्या वेलाखाली सावलीत आडवं ठेवलं. सवयीने वर ओलं फडकंही टाकलं.

नवा साहेब आला. रंगाने तुमच्यातलाच. आल्याबरोबर खोली रिकामी करायचा हुकूम निघाला. संध्याकाळी बन्सी निरोप घेऊन आला. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"लालमहंमदभाई, ह्या साहेबाला शौक हाय. बाटली टेबलावर नेऊन ठिव. खोली ऱ्हाईल म्हनतो."

लालमहंमद मला पुसू लागला. माझी छाती फुगली म्हणा ना! अखेर मला जाणणारा कुणी भेटणार, आणि या बापड्यांचं छप्परही वाचणार. पण हाजराबी आडवी आली.

"खोली आपली हाय. राबून मिळवल्याली. आपल्याच चीजेसाठी लाच? आन् ती बी असली? त्या छपराखाली मी नमाज कशी पढू?"

"मग काय करू? फोडू हिला? अगं, सारी उमर गेली हिला जपन्यात."

हाजराबी नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "फोडू नका. मला द्या. अम्मी म्हनायची, दारूचा शिरका झाला, की ती पाक झाली, खायला पाप न्हाई."

शिरका! ऐकलंत? म्हणजे व्हिनेगर, आंबट पाणी. माझ्या माहेरच्या सुनेने कान लावून ऐकलेली मी, आणि माझा शिरका! तिने बत्त्याने बूच आत ढकललं. माझा सुवास सुटला. पिकल्या जांभळांचा, ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा. त्या तेवढ्याशा अंगणात तो मावेना. मी ओरडत होते, निदान एकदा वास तरी घ्या! हाजराबीने पदर नाकाला लावला, मला बरणीत ओतलं, मूठभर मीठ टाकलं, फडकं बांधलं आणि उन्हात ठेवलं. लालमहंमद उंबऱ्यावर पाठ करून बसला होता.

किती शिव्या दिल्या मी तिला! आणि मग लालमहंमद रिकाम्या हातांनी नव्या साहेबाकडे गेला, आणि परत येऊन बोलला ते मी बरणीतून ऐकलं.

"म्हनला, बाटली कुठाय? म्हनलं, साहेब, तिचा शिरका घातला. डोक्याला हात लावून बसला. म्हनला, रानटी लोक तुमी, एवढी उंची चीज नासवली. लई वाईट वाटलं बघ त्याला."

"आन् खोलीचं?"

"खोलीचं काय वाईट न्हाई वाटलं."

तेव्हा माझ्या शिव्यांनी तोंड फिरवलं, मित्रांनो. एक साहेब मला उन्हापासून वाचवायला तापल्या पोरीला उन्हात काढतो. दुसरा माझ्यासाठी कपाळ बडवतो आणि त्याच तोंडाने एक संसार रस्त्यावर काढतो. दोघांचं प्रेम माझ्यावर! आग लागो असल्या प्रेमाला. रानटी कोण, ते तुम्हीच ठरवा.

शुक्रवारी सामान निघालं. हाजराबीने भांडी बांधता बांधता ओवी म्हटली, ती मी विसरत नाही.

सोडिली गं खोली, मागं बघू नगं बाई
भिंतीला लावला चुना, भिंतीला माया न्हाई

बन्सीने बैलगाडी आणली होती. मला पोत्यात गुंडाळून हाजराबीच्या मांडीवर ठेवलं.

हाजराबीचा भाऊ गनीभाई श्रीरामपूरला स्टेशनाजवळ खानावळ चालवतो. तिथेच मागच्या अंगणात हे तिघं राहतात. जागा अपुरी, धूर फार. हसीना मोठी झाली आहे, कांदे चिरते. माझ्यात आता उसाचा रस घालतात. दुधाला विरजण लावावं तसं मला नव्या रसाला लावतात, आणि बरणीमागून बरणी शिरक्याची होते. त्यात मुरलेला कांदा पानात पडतो. साखर कारखान्याचे मजूर येतात, गाडीवान येतात, बोटं चाटून म्हणतात, "खानसामा, कांदा आन की अजून!" लालमहंमद वाढतो. आता तो वाकून वाढत नाही.

तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही झालं. त्यांची खोली गेली ती गेलीच. माझा रागही तसाच आहे, आणि तो मी मरू देणार नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, जपा. पण तुमच्या घरात एखादी किमती वस्तू चकचकीत दिसली, की आधी ती पुसणारा हात शोधा. त्या हाताच्या माणसाला विचारा, बाबा रे, तू झोपतोस कुठे? त्याला शब्द दिला असेल तर शब्दच द्या. शब्दाच्या जागी बाटली देऊ नका.