समेटाची मेंढी

आमच्या पक्षाच्या कचेरीला सतरा दिवस दोन कुलपं होती, एक त्यांचं आणि एक आमचं. आमचं कुलूप मोठं होतं, कारण हरलो आम्ही होतो.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला पक्षातल्या पक्षात मतदान झालं. आम्ही डॉक्टर आसारेंची माणसं, ते वकील न्सियांची. देशभरात वकील जिंकले, ते एक वेळ चालेल. पण आमच्या तालुक्यातही ते नऊ मतांनी पुढे गेले आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. महिला आघाडीची प्रमुख मी, सेरवा. ‘हा तालुका तुमचाच समजा’ असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगणारीही मीच.

त्या संध्याकाळी मोजणीच्या तोंडावर शाळेच्या सभागृहात दिवे गेले. मतपत्रिकेचे फोटो कोणी काढू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन दारातच काढून घेतले होते, त्यामुळे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. बारा मिनिटं हा प्रकार चालला. पेटी निवडणूक अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आम्पोन्सा गुरुजींच्या टेबलावर होती. अर्ध्या गावाचा हात धरून त्यांनीच अक्षरं गिरवून घेतलेली, माझाही. मी चाचपडत गेले आणि दोन्ही हातांनी पेटी धरली.

“कोण आहे?”

“मी, सेरवा.”

“बरं झालं आलीस. घट्ट धर,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनीही माझ्या हातांवर हात ठेवले.

उमेदवाराच्या माणसाने पेटीपाशी जायचं नसतं, म्हणून लांबून कंदील येताना दिसला तशी मी गुपचूप जागेवर जाऊन बसले. पेटीला कोणाचा धक्कासुद्धा लागलेला नाही, हे जगात फक्त आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवाल्याने मला छेडलं, “काय ऑन्टी, एवढ्या बायका तुमच्या मुठीत, आणि हरलात कशा?” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, डोकं तापलेलं. मी म्हणाले, “दिवे गेले तेव्हा पेटीचं काय झालं, ते जरा आम्पोन्सा गुरुजींना विचारा की!” बास, एवढंच. शब्दाने मी खोटं बोलले नाही. ही पळवाट मी स्वतःला शंभरदा ऐकवली आहे, आणि एकदाही पटलेली नाही.

दुपारपर्यंत आमच्या माणसांनी दंडाला लाल फडकी बांधली, चौकात टायर पेटवले, कचेरीला कुलूप ठोकलं. मग त्यांनीही ठोकलं. हाणामारीत दोघांची डोकी फुटली. गुरुजींच्या भिंतीवर कोणीतरी डांबराने ‘चोर’ लिहिलं.

शेवटी प्रांताच्या मुख्य शहरातून, सुन्यानीहून, पक्षाचे प्रांताध्यक्ष चेरेमे साहेब आले. खरी निवडणूक सात महिन्यांवर, त्यांना खरंखोटं करत बसायला वेळ कुठला! त्यांनी थेट तोडगा काढला. निकाल आहे तोच राहणार. गुरुजींनी सगळ्यांदेखत माझी माफी मागायची आणि मपाता द्यायचा, म्हणजे दुखावलेल्या माणसाला रीतीने द्यायचा तो मान: एक पांढरी मेंढी आणि दारूची बाटली. बाटली हातात घेतली की तो विषय मेला. पुढे जो उकरून काढेल तोच दोषी.

गुरुजी कबूल झाले.

ते ऐकताच मी येबोआ मामाकडे धावले. आमच्याकडे मामाचा शब्द बापाच्याही वर. तो फुफू खात बसला होता.

“मामा, पेटी कोणी उघडलीच नाही. मी तिथं होते.”

त्याचा घास तोंडापाशीच थांबला. “आणखी कोणाला बोललीस?”

“नाही, तुलाच पहिल्यांदा.”

“मग मलाच शेवटचं. अगं बये, दोघांची डोकी फुटलीत. आता सांगणार, की गंमत केली? ते लाल फडकीवाले आधी तुला फाडून खातील. नाहीतर म्हणतील, वकिलाने विकत घेतली बाईला. आणि घराण्याचा कारभारी मी. उद्या चावडीवर कोणत्या तोंडाने बसू?”

“आणि गुरुजी?”

“ते कबूल झालेत ना? मग तुझ्याच पोटात का दुखतंय?”

सभेला सगळा तालुका लोटला होता. एका बाजूला लाल फडकी, दुसऱ्या बाजूला वकिलाचा फोटो छापलेले सदरे, मध्ये बें बें करणारी मेंढी. गुरुजी माफीच्या रीतीप्रमाणे चपला काढून, खांद्यावरचं वस्त्र कमरेपर्यंत उतरवून उभे राहिले. सत्तरीच्या माणसाची उघडी, हाडं मोजता येतील अशी छाती मला बघवेना.

“पेटी राखण्यात मी कमी पडलो,” ते म्हणाले. “सेरवा, मला माफ कर.”

मी उठले. “मला काहीतरी सांगायचंय.”

मामा जोरात खाकरला. चेरेमे साहेब म्हणाले, “आधी बाटली घ्या बाई, मग पाहिजे तेवढं बोला.”

“नाही, आधी बोलते.”

लाल फडकीवाले पुढे सरकले. गुरुजी बाटली घेऊन माझ्या अगदी जवळ आले आणि हळूच म्हणाले, “घे, सेरवा.”

“गुरुजी, तुम्हाला तर ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे म्हणूनच सांगतोय. आत्ता बोललीस तर इथं मुडदे पडतील. घे.”

“आणि तुमचं काय?”

त्यांनी बाटली आणखी पुढे केली.

मी घेतली. मुडदे पडू नयेत म्हणून घेतली असं सांगितलं तर बरं दिसेल. पण मी भ्याले म्हणून घेतली.

एकच जल्लोष झाला. दोन्ही कुलपं निघाली, बायका नाचू लागल्या. लाल फडकीवाले वकिलाच्या माणसांच्या गळ्यात पडले. गोंगाटात चेरेमे साहेबांना आठवण झाली. “हां, सेरवाबाई, तुम्हाला काय बोलायचं होतं?”

“सगळ्यांनी एकजुटीने कामाला लागूया,” मी म्हणाले.

रविवारी चर्चमध्ये गेले. तीस वर्षं दर रविवारी शास्त्रवाचन गुरुजी करायचे. त्या दिवशी दुसराच कोणी अडखळत वाचत होता. गुरुजी तिसऱ्या बाकावर एकटेच. त्यांची बायको आलीच नव्हती. बाकीचे बाक खच्चून भरलेले, लोक भिंतीला टेकून उभे, पण त्या बाकाकडे कोणी फिरकत नव्हतं.

मला राहवेना. तोंडाने नाही तर नाही, अंगाने तरी सांगावं, म्हणून मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या बाकावर जाऊन बसले, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

पाद्रीबाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“बघा,” ते म्हणाले, “ज्याने हिचा घात केला, त्याच्याच शेजारी ही माउली जाऊन बसली. क्षमा म्हणतात ती ही!”

अख्खं चर्च उठून उभं राहिलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “मन असावं तर सेरवासारखं!”

मी मान वळवून गुरुजींकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते.