अकोला शॉट

राळेचा खडा डबीच्या बुडाशी चिकटून बसला होता — चेंडू हातातून निसटू नये म्हणून पोरी बोटांना लावतात, तीच ही राळ — आणि नखानं तो खरवडता खरवडता गीतांजलीला आपला जुना तळहात आठवला, चिकट, मातकट, कधीच न चुकणारा... निदान लोक तसं म्हणत. आज अमरावतीच्या या मैदानावर तिच्या मुलीची, पौर्णिमाची, राज्याच्या हँडबॉल संघासाठी निवड चाचणी होती. सकाळी अकोल्याच्या जठारपेठेतून निघताना गीतांजलीनं केस नेहमीसारखेच बांधले होते, मान खाली घालून; उजवा हात खांद्याच्या वर जात नसे.

"ताई, हा तुमचाच अकोला शॉट," प्रशिक्षक नागसेन सर शेजारी येऊन म्हणाले. "पोरीनं जसाच्या तसा उचलला. यानंच निवड होते पाहा तिची."

पौर्णिमा धावत आली, अडवणाऱ्या पोरींनी हात उंच केले, आणि चेंडू तिच्या कमरेजवळून सुटून त्यांच्या बगलेखालून थेट जाळ्यात. गीतांजलीला आनंद झाला, अगदी मनापासून... आणि लगेच लाज वाटली. शॉट कसला नि काय. ती स्वतः खेळायची तेव्हा एका अंतिम सामन्यात खांद्यातून काहीतरी सटकलं होतं, हात वर जाईना, आणि बाहेर बसवतील या भीतीनं तिनं चेंडू कमरेतूनच भिरकावला. जिंकलो आम्ही. पेपरवाल्यांनी त्याला नाव दिलं, तेव्हाचे सर तो इतरांना शिकवू लागले. पातूरच्या मळ्यात शेवंती तोडता तोडता बाबांनी विचारलं, खांदा दुखते काय, तर मी चटकन म्हटलं, नाई. ते नाई मी जिंकलेल्या ढालीपेक्षाही जपलं — दुखण्याला लोक कला म्हणत राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

मध्यंतरात पौर्णिमा पायरीवर येऊन बसली. तिची रिबन सुटली होती. ती तिनं दातांत धरली, मान पार गुडघ्यांपर्यंत खाली घातली, आणि मग केसांना हात घातले.

गीतांजलीनं डबी खाली ठेवली. हे पाहतच तर मोठी झाली ती. आईसारखे केस, आईसारखा शॉट... मुली उचलतातच. की —

"खांदा दुखते काय तुहा?"

"नाई," पौर्णिमा चटकन म्हणाली. "तू अशीच बांधते ना? मले तशीच सवय हाय."

असेलही. आपलं काहीतरी पोरीत उतरावं, हेच तर ती आयुष्यभर मागत आली होती. आणि आता वाटत होतं, काही म्हणता काही उतरलेलं नसावं.

शिट्टी झाली. पौर्णिमानं राळेसाठी उजवा हात पुढे केला. तो धरून नुसता वर उचलला असता तरी कळलं असतं. गीतांजलीनं तो धरला... आणि बोटांना राळ लावून सोडून दिला.

बाबांनीही तेव्हा पुन्हा विचारलं नव्हतं. त्यांना कळलंच नाही, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.