सैल टाका

त्रिवेणीच्या हातच्या गोधडीला हैदराबादच्या सगळ्या काचीगुड्यात तोड नव्हती, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नसे. तीच सगळ्यांना सांगे. टाका बारीक, आणि दोरा असा ओढलेला की कापूस आत हलायची हिंमत करणार नाही. सासूबाई, म्हणजे मालनबाई, पाहुणे आले की तिचीच गोधडी अंथरत. धाकटी जाऊ राणी नवी नवरी असताना हौसेने एक शिवायला बसली, तर टाके ढोपराएवढे आणि सगळा कापूस एका कोपऱ्यात. घरभर हशा पिकला. त्रिवेणी सगळ्यात जास्त हसली.

पण त्यानंतर हसायला फारसं मिळालं नाही. राणी बारावी पास होती, लुना चालवायची, आणि सासूबाई तिच्याशी बोलताना आवाज मऊ करायच्या. घरात रंगीत टीव्ही आला तो राणीच्या पायगुणाने, केबल आली तीही राणीच्याच पायगुणाने. त्रिवेणी या घरात आली त्या वर्षी नळाला पाणी येईनासं झालं होतं, हे मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात होतं. राणी उलटून एक शब्द बोलायची नाही, "अक्का, अक्का" करत मागे मागे फिरायची. त्याचाच त्रिवेणीला जास्त संताप यायचा. भांडायला माणूस वाईट तरी असावं की नाही?

दिल्लीच्या सरकारने तेव्हा धंद्यांची दारं नुकतीच उघडली होती, आणि जो भेटेल तो कारखाना काढायच्या गोष्टी करत होता. नात्यातल्या प्रतापरावांनी खरंच काढला. सरकारी नोकरी सोडून त्यांनी बालानगरला एक शेड घेतली आणि उपग्रहांना गुंडाळायची आवरणं शिवायचं काम मिळवलं. शिवणाऱ्या बायका हव्यात म्हणून ते घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "आभाळातल्या यानाला गोधडी शिवायचीय, वहिनी. तुमच्याशिवाय कोण शिवणार?"

त्रिवेणी त्या एका शब्दावर कामाला लागली. मागोमाग राणीही लागली, कारण दोघी एकत्र गेल्या तर बरं, असं सासूबाईंचं मत पडलं. त्रिवेणीला कुणी विचारलंच नाही.

शेडमध्ये पहिल्या दिवशी प्रतापरावांनी समजावलं. वर हवाच नसते. यानाची उन्हाकडची बाजू तव्यासारखी तापते आणि सावलीतली इतकी गारठते की बॅटरी बंद पडते, नळीतलं इंधन गोठतं. सूर्यापासून लांब लांब जाणाऱ्या यानाला तर स्वतःच्या पोटातली ऊब सोडून कशाचाच आधार नाही. ती ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. मग त्यांनी चंदेरी चकचकीत, कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ थर दाखवले. दोन थरांच्या मध्ये जाळी घालायची, सुलतान बाजारात पोरींच्या फ्रॉकला मिळते तशी. तेलुगू मुलींनी थर कापायचे आणि या दोघी जावांनी ते शिवायचे, असं ठरलं.

"एकच ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "थर एकमेकांवर बसू देऊ नका."

त्रिवेणीने मान हलवली. हे तिला कुणी शिकवायला हवं होतं? सैल शिवलं की थर सरकतात, एकावर एक बसतात, गोळा होतात. राणीच्या गोधडीचं झालं होतं तसंच. तिने दोरा आणखी ओढायचा ठरवला.

महिन्याभराने प्रतापरावांनी सांगितलं की दोघींतल्या एकीला ट्रेनिंगसाठी बंगलोरला पाठवायचं आहे, आणि परत आली की तीच सेक्शनची इन्चार्ज. दोघींनी एकेक आवरण शिवायचं. आत गरम केलेली पेटी ठेवायची, ती यंत्राच्या पिंपात घालून पिंपातली हवा काढायची, भिंती गारठवायच्या. जिची पेटी जास्त ऊब धरेल ती जाणार.

इन्चार्ज! त्रिवेणीला बंगलोरचं अप्रूप नव्हतं. पण राणी तिच्या हाताखाली येणार, घरी नाही तर निदान शेडमध्ये तरी, या विचाराने तिला दोन घास जास्त जात होते.

आणि परीक्षेच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिची नजर राणीच्या आवरणावर पडली. तिने ते उचलून उलटसुलट करून बघितलं. टाका बारीक, सरळ, घट्ट. हुबेहूब तिचा टाका. एवढे दिवस शेजारी बसून "अक्का, दाखवा की" म्हणत होती, ती यासाठी! सासू घेतली, टीव्हीचा मान घेतला, आता हातातली कला पण हवी होती बयेला. त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. राणी बाहेर झाडाखाली डबा खात होती. त्रिवेणीने कात्री उचलली, एकाआड एक टाका कापला, उरलेल्यांचा दोरा सुईने ओढून सैल केला आणि टोकांना आपल्या सवयीची दुहेरी गाठ मारली. अर्धं आवरण झालं तेवढ्यात बाहेर भांड्यांचा आवाज झाला. उरलेलं अर्धं तसंच ठेवून ती हात धुवायला गेली. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी दोन्ही आवरणं टेबलावर ठेवली. आधी त्यांनी त्रिवेणीचं उचललं.

"वहिनी, इतकी सुरेख शिवण मी जन्मात पाहिली नाही. पण पेटी पार थंड पडली हो."

"थंड? असं कसं? एक थर बसू दिला नाही मी."

"अहो, बसू देऊ नका म्हणजे टेकू देऊ नका! घट्ट टाक्याने थराला थर चिकटला, आणि ऊब त्याच वाटेने पळाली. इथे थरांनी सुटं राहायचं असतं." कपाळाला हात लावून ते म्हणाले, "गोधडी म्हणालो, तिथेच माझं चुकलं."

मग त्यांनी राणीचं आवरण उलगडलं. "हे अर्धं असंच वाया गेलंय. पण हे दुसरं अर्धं बघा. एकाआड एक टाका, दोरा मोकळा. या बाजूने ऊब जवळजवळ गेलीच नाही. मला नेमकं हेच हवं होतं. राणीवहिनी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

राणी वाकून बघू लागली. "हे तर मी..." म्हणाली आणि थांबली. तिचं बोट त्या दुहेरी गाठीवर होतं. तिने वर बघितलं, ते थेट त्रिवेणीकडे.

त्रिवेणीच्या जिभेवर शब्द आला होता. माझं आहे ते, माझ्या हातचं आहे! पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, की राणीच्या आवरणाला तुम्ही हात का लावला? आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं काम तिच्या हातून झालं होतं, आणि ते आपलं म्हणायची सोय नव्हती.

"सुचलं, साहेब," राणी हळूच म्हणाली. "आपोआप."

राणी बंगलोरला जाणार, ही बातमी संध्याकाळी घरात शिरली. मालनबाईंना आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको झालं. राणीला पाटावर बसवून त्यांनी हाक मारली, "त्रिवेणी, मीठ-मोहऱ्या आण गं. माझे गुडघे उठू देत नाहीत, तूच हिची दृष्ट काढ. मोठी जाऊ आईसारखी असते."

त्रिवेणीने मुठी भरल्या. राणीच्या डोक्यावरून हात उतरवत ती पुटपुटू लागली. आल्यागेल्याची दृष्ट जावो, शेजारणीची जावो, शेडमधल्या पोरींची जावो. पुढचा शब्द तिला ठाऊक होता, पण तो काही केल्या बाहेर येईना. मुठी हवेतच राहिल्या.

"थांबलीस का?" मालनबाई म्हणाल्या.

राणीने मान वर केली नाही. त्रिवेणीलाच तेवढं ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "घरच्यांची पण म्हणा की, अक्का. मला एकटीला जायचंय तिकडे."

राग तर होताच, तो कुठे जाणार होता! पण मुठी खाली आल्या.

"घरच्यांची जावो," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवू लागली.