हात न लावता

आईला जाऊन चार दिवस झाले आणि मी क्लासला गेले. घरात बसून राहायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. जे होतं ते कोथरूडला, माझ्या भावाच्या घरी, गुरुजींनी काढून घेतलं होतं.

आई माझ्याकडे महाळुंग्याला राहायची. एका सकाळी भाजी निवडता निवडता ती पुढे वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून तिला सौरभच्या घरी नेलं, कारण विधी मुलाच्या घरून होतात. मी तिथे होते. चहा दिला तो प्यायले, माणसं आली की उठून उभी राहिले, माणसं बसली की बसले. पुस्तकांतली माणसं अशा वेळी काहीतरी करतात. ओरडतात, पाण्याचा पेला फोडतात, निदान खिडकीबाहेर तरी बघतात. मी सतरंजीच्या कडेचे सुटलेले धागे गाठी मारून नीट करत होते.

अस्थी सावडून झाल्या आणि माझी भावजय जुईली शेजारी येऊन बसली.

"ताई, मी गुरुजींना विचारलं. तुमचं तीन दिवसांचंच. उद्यापासून तुम्ही मोकळ्या. उगाच इथं अडकून पडू नका, तुमचे क्लास असतात."

"आई माझ्याकडे राहत होती," मी म्हटलं.

गुरुजी पलीकडेच पंचांग बांधून ठेवत होते. त्यांनी ऐकलं. "राहण्याचा प्रश्न नाही हो. कन्यादान झालं, गोत्र बदललं."

"पण हिचा घटस्फोट झालाय," सौरभ म्हणाला.

"घटस्फोट कोर्टात होतो. गोत्र कोर्टात बदलत नाही." ते हे वाईट मनाने म्हणाले नव्हते. त्यांना हा प्रश्न पूर्वीही बऱ्याच ठिकाणी आलेला असावा.

ज्या घराशी माझा कित्येक वर्षांत फोनवरसुद्धा संबंध आला नव्हता, त्या घराच्या गोत्राची म्हणून मला आईचं सुतक तीनच दिवसांचं होतं आणि ते आता संपलं होतं. सौरभला पुढचे दिवस होते. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तुझंच बरं आहे ताई," तो म्हणाला. "मला तर इथून हलता येत नाही." त्यालाही वाईट बोलायचं नव्हतं. मी रिक्षा केली.

एप्रिल होता. आमच्या सोसायटीत अजून महापालिकेचं पाणी आलेलं नव्हतं, टँकर यायचे. घरी पोचले आणि इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "आजी, टँकर आलाय, भरून घ्या." एरवी आईच उचलायची, त्याला तीच वाटली. मी "बरं" म्हटलं आणि भरून घेतलं.

क्लब हाउसच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास असतो. पिलाटेसचा. महाळुंग्यात तेव्हा हा शब्द कोणाला माहीत नव्हता. खाली नोटीस बोर्डवर क्लासचा कागद लावला तेव्हा लोकांना वाटलं, काहीतरी खायला शिकवणार आहेत. पिलाटेस नावाच्या एका जर्मन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी शोधलेला व्यायाम आहे तो. घाम फार येत नाही, उड्या नसतात. बहुतेक वेळ माणूस मॅटवर पडलेला असतो आणि ओटीपोटाच्या आतले, पाठीला लागून असलेले स्नायू जागे करत असतो. हे स्नायू दिसत नाहीत. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून ते काम करायचं विसरतात आणि त्यांचं काम बिचारी कंबर करते. मी स्वतः कॉम्प्युटरपुढे दहा वर्षं बसून कंबर घालवली होती, म्हणून मला ते पटलं. मुंबईला जाऊन शिकून आले. आईला मात्र पटायला वेळ लागला. "श्वास घ्यायला शिकतात? मग आजवर काय करत होते?" ती विचारायची. परभणीच्या शाळेत तिने तीस वर्षं गणित शिकवलं होतं, तिला कुठलीही गोष्ट आधी सिद्ध करून हवी असायची. पुढे तिचे गुडघे धरले तेव्हा ती खुर्चीत बसून माझ्याबरोबर करायला लागली. झोप लागते, एवढं तिने मान्य केलं. त्याच्यापुढे नाही.

मी वर गेले तेव्हा बायका मॅट अंथरून उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या. मुलांना स्कूलबसमध्ये बसवून आलेल्या, बहुतेकींचे नवरे हिंजवडीला कंपनीत. कोणी नांदेडची, कोणी सांगलीची, कोणी जळगावची. पुढे मेधा होती.

मेधा अंबाजोगाईची. दोन सिझेरियननंतर तिची कंबर गेली होती. माझ्याकडे आली तेव्हा तिला वाकून नळाखालची बादली उचलता येत नव्हती. वर्षभरात ती बरीच सुधारली. पोरांवर ओरडणंही कमी झालं, असं तिची तीच सांगायची; दुखत असलं की माणूस दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाही, म्हणायची. पण तिला एक सवय लागली होती. पाठीखाली माझा हात लागायचा. मी तळहात ठेवला की तिला कळायचं कुठला मणका टेकवायचा. हात काढला की सगळं विसरायची.

"मॅडम," ती म्हणाली, "लई वाईट झालं." मग जरा थांबून, "आम्ही काल बोलत होतो. लेकीला तीनच दिवस असतं ना? म्हणजे तुमचं फिटलं."

तिने हे आशेने विचारलं. पुढच्या आठवड्यात तिच्या निषादची मुंज होती. मुहूर्त सकाळचा. पाटावर दोन-तीन तास बसायचं, नऊवारीत, पाहुण्यांसमोर. गेला महिनाभर आम्ही त्याचीच तयारी करत होतो. माझे हात तिला हवे होते आणि माझ्या हातांना सुतक असलेलं तिला परवडणार नव्हतं.

"हो" म्हणायचं, एवढंच होतं. खरंही तेच होतं.

"नाही," मी म्हणाले. "माझं दहा दिवसांचं आहे."

हे मी ठरवून म्हटलं नाही. म्हटल्यावर मागे घ्यावंसं मात्र वाटलं नाही. गेल्या चार दिवसांत मला काहीही वाटलं नव्हतं, त्यामुळे एवढं लक्षात राहिलं.

मेधाचा चेहरा पडला. मागून जळगावची म्हणाली, "मग मॅडम, क्लास?"

"तुम्हाला चालत असेल तर घेईन. हात लावणार नाही."

मग त्यांचा आपापसांत कायदा सुरू झाला. हॉलमध्ये आलेलं चालतं का? हॉल म्हणजे घर नाही, चालतं. मॅट? आपापली मॅट आपली आपण आणायची. मॅडमची मॅट खिडकीपाशी. "आणि आवाजाला कुठं सुतक असतं?" सांगलीची म्हणाली. "असतं तर फोनवरून समाचाराला आलेल्या सगळ्यांना अंघोळ करावी लागली असती." दोघी-तिघी हसल्या, मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

तुकाबाई दारात झाडू घेऊन उभी होती. ती गावातली, क्लब हाउसची झाडलोट करते. तिच्या घरची मेंढरं सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटांवर चरतात. आमच्या व्यायामाबद्दल तिचं मत पहिल्यापासून पक्कं होतं.

"भाऊ कुटं हाय तुमचा?" तिने मला विचारलं.

"कोथरूडला."

"मंग तितं बसायचं सोडून हितं काय करताय? सुतक धरायचं तर घरात धरावं. न्हाई तर सोडावं. ह्ये मधलं काय?"

"तुकाबाई, जाऊ दे ना," मेधा म्हणाली.

"माजं काय जातंय? समद्या बाया उताण्या पडल्यात, त्यातली एक सुतकातली. कोन म्हनंल व्यायाम चाललाय?" आणि ती झाडत जिन्याने खाली गेली.

मी खिडकीपाशी उभी राहून सुरुवात केली.

हात न लावता शिकवणं किती अवघड आहे, ते मला माहीत नव्हतं. पिलाटेस शिकवणारा माणूस अर्धं हातांनी बोलतो. खांदा वर चढलाय हे सांगायचं नसतं, दोन बोटं टेकवायची असतात. बरगड्या बाजूंनी फुगवा, असं सांगितलं तर लोक छाती पुढे काढतात. दोन्ही बाजूंना तळवे धरले की त्या आपोआप तळव्यांकडे येतात. आता मला प्रत्येक गोष्टीसाठी शब्द शोधावा लागत होता. मी बरंच वाचलेलं आहे, शब्दांची मला कमतरता पडू नये. पण "कुशीवर झोपल्यावर जी बाजू गादीला टेकते, तिथे श्वास न्या" एवढं साधं वाक्य सुचायला मला पूर्ण एक सकाळ लागली.

मेधाला काहीच जमेना. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर मणक्यामणक्याने उचलायची आणि तशीच खाली आणायची. ती एकदम उचलायची आणि एकदम टाकायची. तिच्या पाठीखाली जिथे माझा हात असायचा, तिथे पोकळी दिसत होती. मी खिडकीपाशी. मधे तीन मॅट.

"मॅडम, येतच नाही हो. तुम्ही जरा लांबूनच, टॉवेल मधे घेऊन धरलंत तर?"

"नको. मुंज आहे तुमच्याकडे."

"कांबळ्याला नसतो म्हणे विटाळ. घोंगडी आणू का?" तिने खाली गेलेल्या तुकाबाईला हाक मारायचं सोंग केलं. या वेळी सगळ्या मोकळेपणी हसल्या.

मी माझ्या मॅटवर झोपले. स्वतःचा तळहात स्वतःच्या कमरेखाली सरकवला. "असा ठेवा," मी म्हटलं. "तुमचाच. आता त्या हाताला सांगा, मी येतेय. घाई नाही. आधी सगळ्यात वरचा मणका. मग त्याच्याखालचा. श्वास सोडताना पोट आत, बेंबी जमिनीकडे. हातावर दाब आला का?"

"आला. थोडा."

"तेवढाच हवा."

माझ्या हातावरही दाब आला. माझी कंबर, माझा हात. त्या दाबापलीकडे दोन्हीकडे काहीच नव्हतं. मी वर छताकडे बघत होते आणि बाहेर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. असं शिकवताना बायकांना मी सांगते, की अर्धा तास मन शरीरात ठेवा, बाकीचं बाहेर चपलांपाशी राहू द्या. तेवढ्याने मनाला विश्रांती मिळते. ते खरं आहे, मी पाहिलेलं आहे. पण माझं मन शरीरात ठेवायला आधी सापडायला हवं होतं. मी फक्त एकामागून एक सूचना दिल्या. त्या बरोबर होत्या.

तसे दिवस गेले. सौरभचा एकदा फोन आला, दहाव्याला ये म्हणून. मी येईन म्हटलं. क्लास रोज घेत होते. सोसायटीत माझ्याशी बोलताना बायका एक पाऊल मागे उभ्या राहायच्या आणि मला त्याचं बरं वाटायचं. दुसरं कुठलं बरं वाटणं तेव्हा नव्हतं. लिफ्टमध्ये कोणी शिरताना थबकलं की मनात यायचं, हो, माझी आई गेली आहे.

मेधा रोज स्वतःचा हात पाठीखाली घेऊन करत होती. हळूहळू तिच्या कमरेखालची पोकळी मिटली. एक दिवस तिने हात काढून घेतला आणि तरीही मणके एकेक करून खाली आले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पण बसताना ती अजूनही डाव्या बाजूला कलत होती, आणि ते शब्दांनी दुरुस्त होत नव्हतं. ते हातानेच व्हायला हवं होतं.

मुंजीला दोन दिवस उरले होते. त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी वर आली. जिना चढून दम लागलेला, तोंडावर हसू.

"मॅडम, एक चांगली गोष्ट. काल आमचे गुरुजी सामानाची यादी द्यायला आले होते, त्यांना मी विचारलं. म्हटलं, आमच्या मॅडम अशा अशा, घटस्फोट झालेल्या, आई त्यांच्याकडंच होत्या. ते म्हणाले, तरी तीनच दिवस. म्हणजे तुमचं केव्हाच फिटलंय! तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय बघा." तिने मॅट माझ्या मॅटशेजारी टाकली, पूर्वी असायची तिथे. "आज माझी ती डावी बाजू तेवढी धरून द्या. पाटावर वाकडी दिसले तर सासूबाई फोटो दाखवून जन्मभर बोलतील."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"तीनच दिवस असतं ते. मला आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

मला वाटलं ती रागावेल. तिला हक्क होता. हे सगळे दिवस तिची कंबर मी लांबून पाहिली होती. जिन्यावर बाकीच्यांचे आवाज यायला लागले.

मेधाने खाली वाकून मॅटची दोन टोकं धरली. गुडघ्यांतून वाकली, पाठ सरळ ठेवून, मी शिकवलं तशी. मॅट ओढत ती पलीकडे घेऊन गेली, दोन मॅटचं अंतर सोडून, आणि तिथे पसरली.

"दहावा कधी आहे?" तिने विचारलं.

"परवा."

"म्हणजे मुंजीच्याच दिवशी. राहू दे मग. त्याच्यानंतर धरा माझी डावी बाजू."

सांगलीची आत येत माझ्याजवळच मॅट टाकू लागली, तशी मेधा म्हणाली, "अहो, तिकडं नको. मॅडमना अजून सुतक आहे."

सगळ्या झोपल्या. गुडघे दुमडले. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "दोन्ही बाजूंनी श्वास घ्या."

बरगड्या उचलल्या गेल्या. पुढचा शब्द "सोडा" हा होता. तो माझ्याकडून आला नाही. मी पाठ वळवून खिडकीचा गज धरला.

मागून कोणी उठून आलं नाही. थोड्या वेळाने एकीने आपला श्वास सोडला, मग दुसरीने. मग त्यांचं त्यांनी पुढचं चालू केलं.