मागच्या चाकाची फट

वहिनी सायकलच्या कंपनीत फ्रेम आखायची. तिची नणंद त्याच कंपनीची सायकल घेऊन शर्यतीत उतरायची. कारखान्यात पाऊल टाकल्या दिवसापासून नणंदेने सगळ्यांसमोर "वहिनी, वहिनी" असा धोशा लावला, त्यामुळे रंगकामावरच्या बायकांपासून थेट साहेबांपर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. साहेब तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते, पण त्यांचाही इलाज चालला नाही. नणंदेला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून. आता चौतीस वर्षांची झाली तरी बसत नव्हती, तेव्हा नाव बदलायचं कारण पडलं नाही.

कंपनीचं पोट ग्रॅव्हल शर्यतीच्या सायकलींवर चालायचं. या शर्यती डांबर सोडून खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर होतात. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीसारखीच, खाली वाकलेल्या हँडलची, पण टायर जाड. सुरुवातीला या सायकली धिप्पाड असत आणि कुणाचं काही म्हणणंही नसे. मग शर्यतींना गर्दी झाली, वेग वाढला आणि दर हंगामात निघणारी नवी सायकल आधीच्यापेक्षा सडपातळ दिसायला लागली.

साहेब एका प्रदर्शनाहून परतले ते हेच डोक्यात घेऊन. त्यांनी फोनमधले चाळीसेक फोटो वहिनीच्या टेबलावर एकामागून एक सरकवले.

"बघा. सगळ्यांनी अंग चोरलंय. आपलीच तेवढी म्हैस."

"म्हैस चिखलातून बाहेर येते, साहेब," वहिनी म्हणाली.

साहेब हसले, पण फोटो सरकवायचे थांबले नाहीत.

वहिनीच्या पहिल्या आराखड्यात मागे पन्नास मिलिमीटरचं टायर बसत होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर मोकळे राहत होते. साहेबांच्या सांगण्यावरून तिने मागच्या नळ्या आत घेतल्या. टायर बेचाळीसवर आलं, फट चारवर. विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याचा अडथळा मोजायच्या बोगद्यात, सायकल ठेवली तेव्हा आकडे खरोखर चांगले आले. तोच वेग ठेवायला नऊ वॉट कमी ताकद लागत होती. टनेलवाल्या माणसाने काचेपलीकडून अंगठा दाखवला. वहिनीलाही बरं वाटलं. नऊ वॉट म्हणजे काही थट्टा नव्हती.

भिंगरीने पहिला नमुना तीन दिवस चालवला आणि कारखान्याच्या जिन्यात वहिनीला गाठलं.

"पळते झकास. पण मागे माती अडकणार."

"वर्षातली मोठी शर्यत कोरड्या दिवसांत असते."

"आणि नसली तर?"

"गेल्या सहा वर्षांत एकदाही नव्हती," वहिनी म्हणाली. हे खरं होतं, तिने जुन्या नोंदी काढून बघितल्या होत्या. त्या संध्याकाळी तिने आराखड्याखाली सही केली. सही करताना पेन अडखळलं वगैरे काही झालं नाही. तिच्या मनात शंका होती आणि उत्तरही होतं. उत्तर जरा तोकडं होतं, एवढंच.

नवी सायकल त्याच मोठ्या शर्यतीत लोकांसमोर आणायचं ठरलं. एकशे साठ किलोमीटर, भिंगरी सायकलवर, कॅमेरेवाले मोटरसायकलवर. शर्यतीच्या दोन दिवस आधी पाऊस लागला आणि दीड दिवस थांबला नाही.

आदल्या दिवशी दुपारी हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या, गेल्या वर्षीची आणि नवी. साहेब फोनवर होते. भिंगरीने त्यांना विचारलंच नाही. ती वहिनीकडे वळली.

"तूच सांग. कुठली घेऊ?"

वहिनीने दोन्ही सायकलींकडे पाहिलं. पलीकडे गाडीवर नव्या सायकलचा दहा फुटी फोटो लावलेला होता.

"नवी घे," ती म्हणाली.

भिंगरीने पंप उचलला. "बरं," म्हणाली आणि टायरमध्ये हवा भरायला लागली.

शर्यतीच्या दिवशी वहिनी ऐंशीव्या किलोमीटरच्या मदत-ठाण्यावर उभी होती. दोन हातांत दोन बाटल्या, खिशात खाण्याच्या पुड्या. ठाण्याच्या आधीचे सहा किलोमीटर चिकणमातीचे होते. पुढच्या बायका येऊन गेल्या, चिखलाने ओळखू न येणाऱ्या, पण सायकलवर बसलेल्या. मग मधला घोळका गेला. वहिनी घड्याळ बघत होती. साहेबांचा दोनदा फोन आला, तिने दोन्ही वेळा "अजून नाही" एवढंच सांगितलं.

भिंगरी आली ती चालत. सायकल खांद्यावर आणि हातात झाडाची एक वाळकी काडी. साडेसात किलोची सायकल मातीने दुप्पट झाली होती. मागून मोटरसायकलवरचा कॅमेरेवाला मन लावून चित्रीकरण करत होता.

तिने सायकल ठाण्याच्या टेबलाला टेकवली.

"बोट घाल."

"काय?"

"मागे, टायर आणि नळीच्या मधे. घाल बोट."

वहिनीने करंगळी घालून पाहिली. ती गेली नाही. तिथे माती विटेसारखी घट्ट बसली होती.

"सहा किलोमीटर चाललेय," भिंगरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दर शंभर पावलांवर काडीने उकरायचं. मग वीस पावलं चाक फिरतं."

वहिनीने बाटलीतलं पाणी ओतलं आणि चमच्याच्या दांड्याने माती काढायला घेतली. माती निघाली तेव्हा तिला आतली नळी दिसली. मातीतल्या वाळूने कानशीसारखं काम केलं होतं. रंग गेला होता, रंगाखालचा थर गेला होता आणि कार्बनचे काळे धागे उघडे पडले होते. तिने तिथून नख फिरवलं. नख खड्ड्यात उतरलं.

"हे बघ," ती म्हणाली, "थांब इथेच. गाडीत बस."

"तुटेल?"

"कधीतरी तुटेल."

"कधीतरी म्हणजे कधी, ते सांग. तुझं काम आहे ते."

वहिनीने हिशेब केला. प्रयोगशाळेत ती अशाच नळ्या यंत्राखाली दाबून तोडायची. कितव्या दाबाला कुठे चीर पडते हे तिला पाठ होतं. पुढचा रस्ता खडीचा होता, घट्ट, म्हणजे घासणं थांबणार होतं.

"पुढच्या ठाण्यापर्यंत टिकेल," ती म्हणाली. "चाळीस किलोमीटर. त्यापुढचं मी सांगणार नाही."

भिंगरीने बाटली घेतली, पुड्या पाठीवरच्या खिशात कोंबल्या आणि निघाली. वहिनी गाडीने पुढच्या ठाण्यावर जाऊन थांबली. तिथे ती बसली नाही, उभीच राहिली. दीड तासाने भिंगरी आली. वाटेत तिने अकराजणींना मागे टाकलं होतं आणि पायांत अजून जोर दिसत होता. ठाण्याच्या रेषेवर तिने ब्रेक दाबला, उतरली, सायकल वहिनीच्या हातात दिली.

"झाले चाळीस," म्हणाली आणि बूट काढून गाडीत जाऊन बसली.

परतताना दोघी फारसं बोलल्या नाहीत. भिंगरीने दोन केळी खाल्ली. अर्ध्या वाटेत वहिनी म्हणाली, "काल पार्किंगमध्ये मला ठाऊक होतं."

"मलाही वाटलंच."

"मग घेतलीस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून," भिंगरी म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

खांद्यावर सायकल घेतलेल्या भिंगरीचा फोटो दोन दिवसांत सगळीकडे पोचला. साहेबांच्या डोक्यात आलं की त्याखाली 'इतकी हलकी, की उचलून न्या' असं लिहावं. बैठकीत कुणी हसलं नाही. वहिनीने आपला अहवाल समोर ठेवला. चार पानं होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की ओल्या मातीत ही फट अपुरी आहे हे तिला सही करतानाच माहीत होतं.

"हे वाक्य गाळलं तर चालेल," साहेब म्हणाले. "मागणी माझी होती."

"सही माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट माणूस नव्हते. वाक्य तसंच राहिलं आणि सायकलची विक्री थांबवण्यात आली. वहिनीला कुणी कामावरून काढलं नाही. फक्त महिनाभर जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर नेहमीपेक्षा कमी माणसं बसली.

सुधारलेली फ्रेम निघायला अकरा महिने लागले. मागे पन्नासचं टायर, वजन नव्वद ग्रॅम जास्त, वाचलेल्या नऊ वॉटांपैकी पाच परत गेलेले. तोवर बाकीच्या कंपन्यांनीही जाड टायरची वाट धरली होती. एका परीक्षणात छापून आलं की सायकल चांगली आहे, पण या वर्षी सगळ्यांच्याच सायकली अशा आहेत. वहिनीने ते चहा पिता पिता वाचलं आणि कामाला लागली.

भिंगरीने करार संपल्यावर दुसरी कंपनी धरली. घरी ते तिने आधी भावाला सांगितलं. भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, दिवसभर बायकोच्या मागे मागे फिरला आणि शेवटी भांडी विसळता विसळता एकदाचं बोलून मोकळा झाला.

"बरं केलं तिने," वहिनी म्हणाली.

"राग नाही ना आला?"

"आला की. पण बरंच केलं."

त्या हंगामात भिंगरी दोनदा पहिल्या पाचांत आली. एका रविवारी सकाळी ती नवी सायकल घेऊन दारात उभी राहिली. हँडल वळवलं की करकर वाजत होतं, आणि तिच्या कंपनीचा मेकॅनिक आठवडाभर सुट्टीवर होता.

वहिनीने बाल्कनीत जुनी चादर अंथरली. हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग बदलायचं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण ब्रेकच्या नळ्या हँडलच्या पोटातून, बेअरिंगच्या मधूनच आत नेलेल्या होत्या. त्या कापल्याशिवाय बेअरिंग निघणार नव्हतं. तासाभराने वहिनी काळ्या बोटांनी उठून उभी राहिली.

"कुठल्या शहाण्याने आखलंय हे?"

"असेल कुणाची तरी वहिनी," भिंगरी म्हणाली.

आतून नवऱ्याने जेवायला हाक मारली. वहिनी पुन्हा खाली बसली आणि बॅटरीच्या उजेडात भोकातून वाकून बघायला लागली. नळी न कापता बेअरिंग बाहेर काढायची काही तरी वाट असेल, असं तिला अजून वाटत होतं. भिंगरी थोडा वेळ शेजारी बसली, मग भूक लागली म्हणून उठून आत गेली.