ओली दोरी

टेकडीवरच्या विद्यापीठाचा लॅक्रॉसचा संघ आणि नदीपलीकडच्या तंत्रशाळेचा संघ, मुळात हे एकच घर. कर्णधार कोण, यावरून फाटलं. निम्मे जण नदी ओलांडून गेले आणि जाताना पहिल्या संघाची लाकडी काठीही घेऊन गेले. तेव्हापासून दर वसंतात सामना व्हायचा. जिंकेल त्याच्याकडे काठी. टेकडीवर ती अजून एकदाही परतली नव्हती.

या भांडणात नागपूरचा अश्वजित पडला तो २०१४ साली. जर्मनीत आला होता संशोधनाला. भाषा येत नव्हती, प्रयोगशाळेत कोणी जेवायला हाक मारत नव्हतं. कर्णधार टोर्बेनने त्याला संघात घेतलं, तेव्हा कुठे गावात त्याला नावाने ओळखणारं कोणी झालं. टोकाला दोऱ्यांची खोळ असलेल्या काठीने चेंडू झेलायचा नि फेकायचा, एवढाच खेळ. तो त्याला बेताचाच जमला. खोळ विणणं मात्र असं साधलं की टोर्बेनने सगळ्यांच्या काठ्या त्याच्यापुढे आणून टाकल्या. आई अंजनाबाईच्या हाताखाली त्याने खाटा विणल्या होत्या. दोरी भिजवून ओढायची. पाणी लागलं की ती आवळतेच. ‘पावसाची काळजी नको,’ असं त्याने सगळ्यांना छातीठोक सांगून टाकलं.

पलीकडच्या संघात पुण्याचा नागेश होता. रविवारी दोघं मिळून खिचडी टाकायचे. सामन्याच्या तोंडावर नागेशची खोळ फाटली, तीही अश्वजितनेच विणून दिली, टोर्बेनच्या कानावर न घालता.

“तुझ्याच दोरीने तुमच्यावर गोल करतो की नाही बघ,” नागेश म्हणाला.

“आधी चेंडू झेलायला शीक, मग बोल.”

सामन्याला पाऊस लागला. मध्यंतरात अश्वजितने आपल्या काठीच्या खोळीत हात घातला. खोळ पिशवीसारखी लोंबत होती. आईची दोरी अंबाडीची. ही नायलॉनची, पाण्याने सैल पडणारी. खोल खोळीतला चेंडू कोणाला हिसकावता येत नाही, म्हणून नियमाने तशी काठी बाद. पण काठ्या सगळ्यांच्याच तशा होत्या आणि सामना बरोबरीत होता. तो तीच काठी घेऊन पुन्हा मैदानात उतरला.

अखेरच्या टप्प्यात नागेशने गोल मारला. टोर्बेनने त्याची खोळ हेरली आणि पंचाकडे तपासणी मागितली. पंचाने चेंडू खोळीत ठेवून काठी डोळ्यांसमोर आडवी धरली. चेंडू कडेच्या पार खाली गेला. गोल रद्द, काठी बाद.

नागेशच्या कर्णधाराने खोळ कोणी विणली ते विचारलं. नागेशने एकदा अश्वजितकडे पाहिलं. ‘त्यांच्याही तपासा,’ एवढं म्हणाला असता तर टेकडीवाल्यांच्या हातात काठी उरली नसती. पण तो ‘मीच,’ म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. त्याच्याच माणसांनी त्याला लबाड म्हटलं. शेजारची जागा कोणी घेतली नाही.

मग टोर्बेनने गोल मारला. टेकडीवाले नाचू लागले. बाजूच्या टेबलावरच्या लाकडी काठीकडे कोणीतरी धावलंसुद्धा. अश्वजित चालत पंचाकडे गेला, आपली काठी त्याच्या पायाशी ठेवली आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, “सगळ्या तपासा. त्याचीही मीच विणली.”

टोर्बेन ओरडला नाही. “आल्झो,” म्हणजे ‘असं तर’, एवढंच म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

तोही गोल गेला आणि एकामागून एक काठ्याही गेल्या. लाकडी काठी नदीपलीकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी अश्वजितच्या दाराशी टेकडीवाल्यांच्या खोळींच्या कापलेल्या दोऱ्यांचा गुंता पडलेला होता.

रविवारी त्याने दोघांपुरती खिचडी टाकली. नागेश आला, पण पायांतले बूट त्याने काढले नाहीत.

“माझा संघ मला परत घेत नाही,” तो म्हणाला. “दोन्हीकडच्या खोळी विणणाऱ्याचा दोस्त, म्हणतात. मी तिथे गप्प बसलो ते तुझं घर राहावं म्हणून, अश्या. तेही तू घालवलंस.”

“मग काय, तुला एकट्याला लबाड म्हणू द्यायचं होतं?”

“हो,” नागेश म्हणाला. “एकाचं तरी राहिलं असतं.”

कुकरची शिट्टी झाली. अश्वजितने गॅस बंद केला आणि दोन ताटं घेतली. तो वळला तेव्हा दार उघडंच होतं आणि जिन्यात बुटांचा आवाज खाली खाली जात होता.